चौदाव्या रांगेतला दिवा

स्वस्त तिकिटांच्या त्या विमान कंपनीत दुरुस्तीची कामं नियमाप्रमाणे झालीत की नाही, हे तपासणं ही तिची नोकरी. संध्याकाळच्या उड्डाणाआधी तिची सही हवी होती.

नोंदवहीत सारं ठीक होतं. फक्त चौदाव्या रांगेतला, मदतीला बोलावण्याचा दिवा तीनदा बदललेला दिसला.

"वीज तोडली तरी लागतो," म्हातारे फोरमनकाका म्हणाले. "मग मी जाऊन विचारतो, काय हवंय? की विझतो."

"हे वहीत का नाही लिहिलं?"

"काय लिहू? विचारपूस केली, समाधान झालं?"

तिला हसू आलं. पण स्वतः पाहिल्याशिवाय ती कधीच सही करत नसे. काकांनी तिच्यासमोर विमानाची वीज तोडली आणि दोघं आत गेली. दुपारचं ऊन छोट्या खिडक्यांतून रिकाम्या सीटांवर सांडलं होतं. इतकं निवांत होतं की तिचे डोळे जड झाले.

चौदाव्या रांगेवर दिवा लागला. मऊ, पिवळा.

तिला भीती वाटली नाही. कुणीतरी केव्हाचं ताटकळत बसलंय, एवढंच वाटलं. काका पुढे होणार, तोच ती हळूच म्हणाली, "कुणाला काही हवंय का?"

दिवा विझला नाही. शेजारचा लागला. मग मागचा, पुढचा, एकेक करत पार शेवटच्या रांगेपर्यंत.

काका जागच्या जागी थांबले.

"मॅडम," ते कुजबुजले, "मी एकालाच विचारत होतो."