कापलेली कड

तेनमोळीनं विज्ञान प्रदर्शनातलं आपलं टेबल स्वतःच ओढत शाळेच्या अंगणात, भर उन्हात आणून ठेवलं होतं. त्यावर म्हशीच्या कातड्याचा वीतभर तुकडा होता, मिठातला, केसांसकट.

तिचा बाप एळुमलै आंबूरच्या टॅनरीतून तसाच आला होता. शाळेतून फोन आला तेव्हा तो कातडी चिरायच्या यंत्रावर होता. पायातले गमबूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"बाकीच्या मुलांनी थर्माकोलची त्वचा केलीय," मोठ्या टीचर नाकाला पदर लावून म्हणाल्या. "आणि ही बघ काय घेऊन आलीय! परीक्षक यायच्या आत घरी ने हे."

"चुकलं, टीचर. नेतो." एळुमलै तुकडा गुंडाळायला वाकला.

"हात लावू नका, अप्पा!" तेनमोळी आडवी आली. "विषय काय दिलाय, टीचर? सस्तन प्राण्याच्या त्वचेचे थर. थर्माकोल कुठल्या प्राण्याच्या अंगावर असतं?"

मागे उभ्या असलेल्या मुली फिस्सकन हसल्या.

"जीभ बघा! तुमच्या वस्तीतल्या पोरींना कितीही शिकवलं तरी..." टीचरनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

एळुमलैनं ते पुरं ऐकलं. टॅनरीत लागल्यापासून बावीस वर्षं तो ते तसंच पुरं ऐकत आला होता, बसमध्ये, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत.

तेवढ्यात परीक्षक आले. कॉलेजातले म्हातारे प्राध्यापक. चष्मा कपाळावर सरकवून ते टेबलावर वाकले.

"ही वरची बाह्यत्वचा, कागदाहून पातळ," तेनमोळी भरभर सांगू लागली. "खाली अंतस्त्वचा, केसांची मुळं हिच्यातच. तिच्याखाली चरबी."

"पण कुठे काय संपतं तेच दिसत नाही गं, बाळ. ब्लेडनं कापलंस ना? कड चेंगरलीय."

"मी तेच म्हणत होते, सर," टीचर म्हणाल्या. "आत चला, आत छान मॉडेल्स आहेत."

तेनमोळीनं चेंगरलेली कड बोटानं सारखी करून पाहिली. तिनं बापाकडे पाहिलं नाही.

एळुमलैनं कमरेची सुरी काढली. कुणाला विचारलं नाही. डाव्या हातानं कातडं ताणून धरलं आणि एका ओढीत बोटभर पट्टी उतरवली. ताजी कड त्यानं उन्हात धरली. वर काळी रेघ, मधे जाड पांढरा थर, खाली पिवळी चरबी.

"आता बघा, साहेब."

प्राध्यापकांनी बराच वेळ पाहिलं. "तुम्ही कोण?"

"हिचा बाप," एळुमलै म्हणाला, आणि दुसरा काप घ्यायला वाकला.