कडुनिंबाची मूठ

मंजुळाबाईंनी पातेल्यात रिठे टाकले आणि कडुनिंबाचा पाला हातात घेऊन त्या थबकल्या. मूठभर पाल्याऐवजी पाचच पानं घालायची, हे गेले सहा महिने चाललं होतं. कोंड्याच्या काढ्यात अख्ख्या पारोळ्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोटच्या लेकीचा कोंडा मात्र त्यांना जाऊ द्यायचा नव्हता.

लग्नात टोपी-टॉवेलाचा मान द्यायला उशीर झाला आणि दिपमालाचे सासरे पितांबर आबा बिनसले ते बिनसलेच. सुनेचं माहेर बंद. धुळ्यातले सगळे शाम्पू हरले तेव्हा कुठे, फक्त काढ्यापुरती, ते तिला एक रविवार आड सोडू लागले. त्यातही निघताना विहीणबाई म्हणे तिला पुढ्यात बसवून भांग उघडून बघायच्या. बाजारात गाय बघतात तशा, असं म्हणून मंजुळाबाई त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहायच्या. लेकीचं डोकं मांडीवर घ्यायला त्या स्वतः पंधरा दिवस झुरत असत.

आज दिपमाला पडलेल्या चेहऱ्यानं आली होती. आबांनी सांगून टाकलं होतं, एवढ्या दिवसांत गुण नाही, ही शेवटची खेप.

मंजुळाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. भेटीच्या लोभापायी आपण पोरीला खाजवत ठेवलं. आता भेट जायचीच आहे, तर निदान तिचं डोकं तरी मोकळं होऊ दे.

त्यांनी गच्च मूठभर पाला पातेल्यात सोडला. नेहमीचा मेथीचा लेप बाजूला ठेवून निव्वळ काळा, कडूजहर काढा गाळला आणि लेकीला मोरीत पाटावर बसवलं.

"आज डोकाले झोंबी. दम धर, बेटा."

काढा भांगावर ओतला आणि त्या चोळू लागल्या. दोन-चारदा चोळल्यावर बोटं थांबली. पांढरं ते धुऊन जात नव्हतं, चिकट होत होतं. भाकरी थापणाऱ्या हाताला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"दिपा, हाई तं पीठ शे."

दिपमालानं मान वर केली नाही.

"कोंडा दिवाळीलेच गया, माय," ती म्हणाली. "पीठ सासूच लावी देस, निंघतांना."