मिरची अजून सुपातच

भेदरे चिरून झाले होते. चांद्याच्या बाजारात त्यांना टोमॅटो म्हणायला लागले होते म्हणे, पण ते नाव इथे वैनगंगेच्या काठापर्यंत अजून यायचं होतं. कमळाने लोखंडी कढई चुलीवर ठेवली, तेल सोडलं आणि लसूण ठेचायला घेतला. पौषातली सकाळ. बोटं गारठलेली, आणि अंग असं आंबलेलं की चुलीपुढे बसल्याबसल्या पेंग यावी.

"फोडनी चांगली दे वो," ओसरीवरून सासूचा, रुखमाबाईचा आवाज आला. रोज यायचा.

"हो, आत्याबाई."

भेदऱ्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकर ही लटारूची न्याहारी. लटारू म्हणजे कमळाचा नवरा, रुखमाबाईचा एकुलता एक. पोळ्याच्या आधी बैलांचा साज आणायला तो नदीपलीकडे बाजाराला गेला आणि परतताना पुरात डोंगा उलटला. चौघे पोहून काठाला लागले. लटारू लागला नाही, आणि त्याचं प्रेतही कुठे मिळालं नाही.

"सापडला नाई म्हन्जे गेला नाई," रुखमाबाईने तेव्हाच ठरवून टाकलं. मयताच्या घरात फोडणी पडत नाही, शेजारीपाजारी अळणी भात आणून देतात, ही गावची रीत. म्हणजे घरात फोडणी पडते आहे तोवर पोरगा जिवंत आहे, असं म्हातारीचं सरळ गणित. तिचे चुलतदीर पत्रूभाऊ दोनदा सांगून गेले, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या, निदान या पोरीले रडू तरी द्या. म्हातारीने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

"जित्या मानसासाठी रडत नसतात," ती म्हणाली. "माह्या घरात कोनी रडाचं नाई."

चार महिने झाले. कमळाच्या कपाळाला कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि गावातल्या बाया तिला ना ओटी भरायला बोलावत ना जवळ बसून सांत्वन करत. रडायची सोय अशी एकच होती. फोडणीत मिरची पडली की ठसका उठतो, घरभर डोळ्यांत पाणी येतं. त्या धुरात कमळा रोज रडून घ्यायची, भेदरे कढईत पडून धूर बसेपर्यंत जेवढं उरकेल तेवढं. म्हातारी बाहेर खोकत म्हणायची, "मिरची जास्त झाली वो आज!"

"उद्या कमी टाकीन, आत्याबाई."

उद्याही ती तेवढीच टाकायची.

आज कशाने कोण जाणे, तिला तेवढाही धीर निघाला नाही. लसूण ठेचता ठेचताच डोळे वाहायला लागले. पुसायला हात उचलावा तर तोही जड झालेला. म्हातारी शेगडीसाठी विस्तव न्यायला आत आली ती नेमकी तेव्हाच.

"ठसका लागला," कमळा घाईने म्हणाली. "मिरचीचा."

रुखमाबाईने कढईत पाहिलं. नुसतं तेल होतं. मग तिने सुपाकडे पाहिलं. लाल मिरच्या तिथे देठासकट पडल्या होत्या.

"मिरची तं अजून सुपातच हाये, कमळे."

कमळाने पदर तोंडात धरला. म्हातारी गुडघ्यावर हात टेकत तिच्याजवळ खाली बसली.

"रोज अशीच रडतं काय?"

कमळाने मान डोलावली.

"आन् मी म्हनत राह्यली, मिरची जास्त झाली."

तेल धूर सोडायला लागलं. सवयीने कमळाचा हात मोहरीच्या डबीकडे गेला. म्हातारीने तिचं मनगट धरलं. त्या धरण्यात जोर काहीच नव्हता.

"राहू दे. थकली मी त्याले बलावून बलावून. तूबी थकली. आज नोको देऊ फोडनी."

कोणीतरी एकदा बस म्हणावं, एवढंच कमळा चार महिने मागत होती. आता म्हटलं तर तिचा हात मोहरीच्या डबीवरून मागे येईना.

"आत्याबाई, आजच्या दिवस देते. फक्त आजच्या दिवस."

"नाई, माय."

रुखमाबाईने फडक्याने धरून कढई खाली उतरवली आणि चुलीतली लाकडं ओढून राखेत विझवली. चिरलेले भेदरे ताटात तसेच पडून राहिले.

कुडापलीकडे सोनीबाई राहायची. तिचे कान असे तिखट की गावात कोणाच्या चुलीवर काय चढलं ते तिला न पाहता कळे. 'रोज फोडनी देऊन कोनाले जेवू घालतं वो?' असं तिने कमळाला नदीवर चारचौघींत विचारलंही होतं. आज तिने कुडावरून हाक दिली.

"कमळा, फोडनीचा आवाज नाई आला अजून?"

कढईचा चर्र आवाज काही आला नाही, तशी ती आपल्या चुलीकडे वळली.

ऊन ओसरीवर आलं तेव्हा सोनीबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. हातात झाकलेला गंज, लहानसं पातेलं. तिने तो उंबऱ्याच्या आत ठेवला आणि झाकण काढलं. आत नुसता पांढरा भात होता.

"मीठ नाई ना टाकलं?" रुखमाबाईने विचारलं.

"नाई टाकलं, माय."

म्हातारीने भाताचा घास घेतला आणि कमळाच्या तोंडाशी नेला. शितं खाली सांडत होती.

"रड आता," ती म्हणाली. "मिरचीची वाट नोको पाहू."