साडेसात टक्के

"तुमच्या भावाला साडेसात टक्के, तुम्हाला साडेअकरा," पतसंस्थेच्या मॅनेजरनं दोघांचे कर्जाचे अर्ज वेगवेगळे ठेवले. "सैनिकांना व्याजात सवलत आहे."

बाहेर येऊन हणमंतनं मोटरसायकलला किक मारली. मागे धाकटा भाऊ सुदाम बसला, लडाखहून कालच सुट्टीवर आलेला. एकाच घरावर दोघांच्या दोन खोल्या चढवायच्या, विटा त्याच, सिमेंट तेच, आणि आपण मात्र चार टक्के जास्त भरायचे. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेणाऱ्याला कोण सवलत देतं?

अंगणात सुदामची तीन वर्षांची लेक ओवी खेळत होती. गाडी पाहताच ती धावत आली. सुदामनं गुडघ्यावर बसून हात पसरले. ती त्याला वळसा घालून हणमंतच्या कडेवर चढली आणि म्हणाली, "आप्पा, हे काका परत कधी जाणार?"

हणमंतला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

सुदाम माती झटकत उठला. "दादा, खरं सांगू? तुझा हेवा वाटतो मला."

हणमंतला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं ओवीला सुदामकडे देऊन पाहिलं, पण तिनं हणमंतची कॉलर सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत हणमंतनं पिशवी भरली.

"कराडला गेटचं काम आहे. तुझी सुट्टी संपेपर्यंत तिकडंच राहतो," तो सुदामला म्हणाला. "मी दिसलो नाही, की येईल ती तुझ्याकडे."