बोटीवरचा संडास

शेवटच्या रविवारी बाबा समुद्रसफरीसाठी घेतलेल्या जुन्या शिडाच्या बोटीत भंगारातून आणलेला संडास खरवडत होते. परक्यांची घाण त्यांच्या कोपरापर्यंत माखली होती. वासाने मी दोन पावलं मागे सरले. “शी, नवा आणा ना, बाबा.” “नव्याच्या पैशात शीड येतं. माझं काय, बादलीवरही भागेल. पण हा बसला, की राणीसरकार, तुझी न येण्याची सबब संपली.” मी नाक दाबून घरी आले. मंगळवारी त्यांचं हृदय बंद पडलं. महिन्याने, बोट विकण्याआधी, एकटीच आवरायला गेले. संडास जागेवर बसला होता. पंपाचा दांडा हलवल्यावर स्वच्छ पाणी आलं. अख्ख्या बोटीत नवी वस्तू एकच होती, संडासाच्या दाराची आतली कडी. वास कसलाच नव्हता, तरी हात नाकाशी गेला. कडी लावून मोठ्याने म्हणाले, “संडास हे निमित्त होतं, बाबा. मला तुमच्याबरोबर यायचंच नव्हतं.”