तपासलं, ठीक

कोथरूडमधल्या त्या फ्लॅटची बेल वाजवताना आमोदने मनातलं वाक्य पुन्हा एकदा घोळवलं. काका, मला ब्लॉक का केलंत?

यज्ञेश्वर पटवर्धनांनी निवृत्तीनंतर चंद्रोदयाच्या वेळा सांगणारं एक मोफत ॲप केलं होतं. कोड सगळ्यांना खुला. खराडीतली नोकरी सांभाळून आमोद त्यात दुरुस्त्या पाठवायचा. भेट कधीच नाही, सगळं कोड ठेवायच्या साइटवर. काका गणित पडताळायचे, चार ओळींत कान उपटायचे, मगच दुरुस्ती घ्यायचे. पुढेपुढे मात्र एवढंच उत्तर येऊ लागलं : तपासलं, ठीक. आपला हात बसला, असं आमोदला वाटलं होतं.

आणि आषाढी एकादशीला, काही कारण न देता, ब्लॉक. त्याला तिथे काही लिहिता येईना की पाठवता येईना. पण खुला कोड कुणालाही उचलता येतो, ब्लॉक केलेल्यालाही. त्याने तो उचलला आणि स्वतःचं ॲप काढलं. आता कितीतरी घरांत त्याच्या वेळेवर संकष्टी सुटत होती. तरी मनातली अढी जाईना.

दार काकांच्या पत्नी श्यामलाबाईंनी उघडलं. त्याने नाव सांगायच्या आतच म्हणाल्या, "आमोद ना तू? साइटवरच्या फोटोत बरा दिसतोस. ये."

काका घरी आपल्याबद्दल बोलतात तर. त्याला बरं वाटलं.

त्यांनी पाणी दिलं. आपली संकष्टी आहे, पण तुला चहा टाकते म्हणाल्या. तो नको म्हणाला. खिडकीशी कॉम्प्युटर चालूच होता, शेजारी चष्मा मिटून ठेवलेला.

"काका आहेत?"

"आधी मला सांग, तुझ्या वेळा आता कोण तपासतं?"

"कुणी नाही. नवीन काही केलं की मीच गच्चीवर जाऊन चंद्र बघतो."

"आणि आधीच्या दुरुस्त्या?"

"त्या कशाला बघायच्या? त्या काकांनी तपासल्यात."

श्यामलाबाई देवघराकडे बघत राहिल्या.

"दर चातुर्मासात माझा एक नियम असतो," त्या हळूच म्हणाल्या. "यंदा खोटं लिहायचं नाही, बोलायचं नाही, असा घेतला. म्हणून तुला ब्लॉक केलं. नाहीतर तू पाठवत राहिला असतास, आणि मला पुन्हा 'तपासलं, ठीक' लिहावं लागलं असतं. हे तर माघातच गेले."