मिनिटाला पंधरा

दुकानाच्या भिंतीवर अकरा घड्याळं होती. आठ चालू, तीन गप्प. टेबलावर एक भिंग, चार चिमटे आणि तापाच्या गोळ्यांची पट्टी. पट्टीतले दहापैकी सात खळगे रिकामे.

"काल संध्याकाळी तीनच रिकामे होते," मुलगी म्हणाली.

"मग? खायलाच आणल्यात ना," घड्याळजी म्हणाले आणि खोकले. खोकताना त्यांनी उजवी कूस हाताने दाबून धरली.

शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून दारात उभा होता. "अगं, घाबरतेस काय एवढी! मलाही हाच खोकला. तीन आठवडे झाले, हिंडतोय की नाही? श्वासनळी सुजते, आपली आपण उतरते."

"काका, तुम्हाला ताप होता?"

"छे!"

"जिना चढताना दम लागतो?"

"दम तुझ्या काकूला लागतो. माझ्यावर ओरडून."

"बाबांचा ताप उतरला होता. परवा थंडी वाजून परत आला. खोल श्वास घेतला की कुशीत कळ येते. ऐकायला सारखा असेल काका, पण हा खोकला तुमचा नाही."

घड्याळजींनी हातातला चिमटा आपटला. "मोज माझे श्वास. सायन्स शिकलीस ना? मिनिटाला विसाच्या वर भरले तर येतो दवाखान्यात. नाहीतर मला काम करू दे. शाळेचं घड्याळ गुरुवारी द्यायचंय."

शाळेचं घड्याळ त्यांच्या समोरच टांगलेलं होतं. त्याचा लांब लंबक सेकंदाला एक हेलकावा घेत होता.

बाबांच्या खिशातलं पेन श्वासागणिक वरखाली व्हायचं. तिने त्यावर नजर ठेवली आणि मिनिटभर मोजलं. पंधरा.

"बघ!" शिंपी म्हणाला.

तिने पुन्हा मोजलं. पंधरा. तिसऱ्यांदाही पंधरा. घड्याळजी हसले, पण त्यांच्या ओठावर घाम आला होता.

प्रयोगशाळेत तीनदा असा एकच आकडा आला की तिचे सर आधी यंत्र तपासायला लावत. तिने पेनावरची नजर काढून बाबांच्या डोळ्यांकडे नेली. डोळे डावीकडे जात होते, उजवीकडे जात होते. दोन हेलकाव्यांत श्वास आत, दोन हेलकाव्यांत बाहेर.

ती उठली आणि बोटाने लंबक थांबवला.

"घड्याळजीच्या दुकानात घड्याळ बंद करतेस?"

"राहू दे जरा." तिने मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय. बघता?"

घड्याळ पुढ्यात आल्यावर त्यांच्याने राहवणार नव्हतं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पाठीमागचं झाकण उघडलं आणि आत वाकले. तिने मोबाइलवर एक मिनिट लावलं. पेन भराभर वरखाली होऊ लागलं. दारातल्या शिंप्याचे ओठही हलत होते.

"बत्तीस," तिच्या आधी तोच म्हणाला. त्याने गळ्यातला टेप काढून खिशात कोंबला. "मी रिक्षा बघतो."

घड्याळजी वर बघेनात.

"बाबा, दुप्पट वेगाने पळणारं घड्याळ कुणी आणलं, तर गुरुवारनंतर या म्हणता?"

त्यांनी भिंग काढलं. झाकण जागेवर बसवलं, दाबून बघितलं.

"माझी चप्पल दे," ते म्हणाले.

एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरा डाग निघाला. न्यूमोनिया. "अंगावर आणखी काढला असता तर जड गेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळजींना पाच दिवस ठेवून घेतलं.

दहाव्या दिवशी दुपारी घड्याळजी दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. शाळेचं घड्याळ अजून बंदच होतं. पेन खिशात होतं. मुलीने स्टूल ओढलं, मोबाइलवर मिनिट लावलं आणि वही उघडली.

पहिल्यांदा सतरा. मग सोळा. मग अठरा.